सोलापूरची सेटलमेंट आणि आपण



विधी महाविद्यालयात फौजदारी कायद्याचा पहिला पाठ शिकवला जातो तो असा की, कृत्यावाचून गुन्हा नाही. माणसाने काही केले पाहिजे, ते दुष्ट हेतूने केले पाहिजे, आणि ते न्यायासनापुढे पुराव्याने सिद्ध झाले पाहिजे. मगच त्याला अपराधी म्हणावयाचे. हा पाठ आमच्या पिढीने पाठ केला व परीक्षेत लिहूनही दाखविला. परंतु याच सोलापूर शहरात एक वस्ती अशी होती की, तिच्यात दाखल होण्यास कृत्य लागत नसे, पुरावा लागत नसे, न्यायाधीशही लागत नसे. विशिष्ट जमातीच्या आईच्या पोटी जन्म घेतला म्हणजे पुरे. त्या वस्तीला लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात.

आपल्यापैकी कित्येक कुटुंबे आता जुळे सोलापुरातील नव्या वसाहतींतून राहतात. गावकुसाबाहेरच्या वाड्यातून निघून, नावापुढील जुने शिक्के टाकून, आपण येथे घरे बांधली. पण सेटलमेंट हे नाव कानावर पडले की आपल्या घरांतूनही काही वेळा जो सूर निघतो, तो मला अस्वस्थ करतो. म्हणून या छोट्याशा वस्तीचा इतिहास आपल्यापुढे मांडण्याचे योजले आहे. हा इतिहास आपला नाही असे कोणी म्हणेल, तर त्याने हा लेख शेवटपर्यंत वाचावा एवढीच विनंती.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम तो उत्तरेकडील प्रांतांना लागू होता. १९११ च्या कायद्याने तो साऱ्या हिंदुस्थानभर लागू करण्याची सोय झाली, आणि १९२४ च्या कायद्याने सर्व तरतुदी एकत्र बांधल्या गेल्या. या कायद्याची यंत्रणा नीट समजून घ्या. प्रांतिक सरकारने राजपत्रात एक अधिसूचना काढावयाची आणि अमुक जमात गुन्हेगार आहे असे जाहीर करावयाचे. त्या अधिसूचनेच्या खरेपणाबद्दल कोणत्याही न्यायालयात प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. पुढे त्या जमातीच्या माणसांची नोंदवही तयार होई, बोटांचे ठसे घेतले जात, ठराविक वेळी हजेरी द्यावी लागे, आणि घर बदलणे किंवा परगावी जाणे हे अधिकाऱ्याला कळविल्यावाचून करता येत नसे. कलम १६ प्रमाणे संपूर्ण जमातीला किंवा तिच्या भागाला सेटलमेंटमध्ये नेऊन ठेवता येई. ठराविक गुन्ह्यांसाठी दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षे, आणि तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप काळे पाणी! हाच गुन्हा इतर कोणी केला असता तर त्याला इतकी शिक्षा झाली नसती. कायद्यापुढे सर्व समान, असे ज्या साम्राज्याचे पंडित सांगत, त्या साम्राज्याचा हा कायदा होता.

ही माणसे होती तरी कोण? कैकाडी टोपल्या विणीत आणि गाढवांवर संसार लादून गावोगाव हिंडत. पारधी शिकार करीत. बंजारा बैलांच्या तांड्यांवरून धान्य व मीठ वाहून नेत. सोलापुरास १८६० साली रेल्वे आली. जेथे जेथे रेल्वे पोहोचली, तेथे बैलांच्या तांड्यांचा व्यापार बसला. १८७८ च्या वनकायद्याने रानात पाय ठेवणे कठीण केले, म्हणजे पारध्याचा घासही गेला. ज्यांचा उद्योग सरकारी धोरणाने बुडाला, त्यांनाच सरकारने विचारावयाचे, तुम्ही पोट कशावर भरता? उत्तर समाधानकारक वाटले नाही की यादीत नाव! आणि गावातला पाटील किंवा सावकार, ज्याला ही फिरती माणसे आपल्या शिवारात नको होती, तोच बहुधा साक्षीदार. भाषेनेही आपले काम केले. ‘भामटा’ हे एका जमातीचे नाव. आज मराठी कोशात त्याचा अर्थ ठक असा आहे, आणि वर्तमानपत्रे तो शब्द रोज निःसंकोचपणे छापतात. आपल्या जुन्या जातिनामांचा शिवी म्हणून वापर झाला तेव्हा आपल्याला काय वाटले, ते आठवा.

आता सोलापुरातच ही वस्ती का? त्याचे उत्तर गिरण्यांच्या धुराड्यांत आहे. १८७७ साली येथे जुनी गिरणी उभी राहिली, पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या, आणि शहराला कामकऱ्यांची भूक लागली. मुंबई इलाख्यात ज्या वसाहती झाल्या त्यांपैकी विजापूर, हुबळी, गदग, बारामती आणि सोलापूर यांची नावे विशेष घेतली जात. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे या योजनेने वेग घेतला. तिचे सूत्रधार ओ. एच. बी. स्टार्ट नावाचे सनदी अधिकारी होते. सोलापूरच्या वस्तीचा कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे सोपविला गेला, आणि तिला ‘उमेदपूर’ असे गोड नाव देण्यात आले. उमेद म्हणजे आशा. तारेच्या कुंपणात आशेचे गाव वसविणाऱ्यांच्या भाषाप्रभुत्वाचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे.

या कुंपणात कैकाडी होते, पारधी होते, भामटे, कंजारभाट आणि मांगगारुडी होते. निरनिराळ्या बोलींची, निरनिराळ्या देवदेवकांची, एकमेकांशी रोटीबेटी नसलेली माणसे सरकारने एका तारेत कोंबली आणि त्यांचा एक समाज केला. सकाळी हजेरी, नंतर गिरणीचा भोंगा, संध्याकाळी पुन्हा हजेरी. कुंपणाबाहेर जावयाचे तर पास. गिरणीमालकाला याहून सोयीचा कामगार कोठे मिळणार? साधा मजूर न पटल्यास काम सोडून गावी जातो. सेटलमेंटच्या मजुराला गाव सोडणे हाच मुळी गुन्हा. काम नाकारील तर व्यवस्थापकाच्या वहीत वर्तणूक खराब म्हणून नोंद. सुधारणेच्या नावाखाली बांधलेला मजूर उभा करण्याची ही युक्ती होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर वकील असून एकतर्फी कैफियत केल्याचा दोष येईल. वस्तीत शाळा होती, आणि ज्यांच्या घराण्यात अक्षर कधी शिरले नव्हते, त्यांची मुले त्या शाळेत लिहावयास शिकली. गिरणीतला पगार नियमित होता. पुढे सोलापुरात भटक्या-विमुक्तांच्या चळवळीला जी माणसे लाभली, त्यांतील काहींनी या वस्त्यांतूनच वर डोके काढले. भीमराव जाधव गुरुजींनी या जीवनावर ‘काटेरी कुंपण’ हे पुस्तक लिहिले आहे. आपल्या वाचनालयात ते असावयास हवे. मिशनच्या काही माणसांनी मनापासून कष्ट केले असतील, हेही मी नाकारीत नाही. परंतु शाळा देण्यासाठी कुंपण का लागते? शिक्षणाचा हक्क आणि पहारेकऱ्याची हजेरी या दोन गोष्टी एकाच हाताने दिल्या, तर शिकणाऱ्या मुलाच्या मनात पहिली कोणती ठसेल?

त्या मुलांविषयीच कायद्याचे कलम १७ होते. जमातीची मुले आईबापांपासून वेगळी काढून औद्योगिक, शेतकी किंवा सुधारगृहाच्या शाळेत ठेवण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. आठ वर्षांच्या पोराने काय चोरी केली होती? कायद्याचे म्हणणे असे की, अजून केली नसेल, पण करील. रक्तातच आहे. मनुस्मृतीने जे आपल्याविषयी सांगितले, तेच इंग्रजांच्या विधिमंडळाने निराळ्या शब्दांत या पोराविषयी सांगितले. आपण ज्या धम्माचा स्वीकार केला, त्यात अंगुलिमालाची कथा आहे. त्याच्या हातून खरोखर हत्या झाल्या होत्या, तरी तथागतांनी त्याची जात विचारली नाही. तो आज काय करतो आहे, एवढेच पाहिले. येथे तर हत्या नाही, चोरी नाही, पाळण्यातले पोर आहे.

१९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिम जमातींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष तेच स्टार्टसाहेब, आणि सदस्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर, डॉ. पु. गो. सोळंकी, अमृतलाल ठक्कर ही मंडळी होती. १९३० साली अहवाल सादर झाला. आपल्या शिष्यवृत्त्या, वसतिगृहे, पोलीस व सरकारी नोकरीतील प्रवेश यांचा इतिहास लिहिणाऱ्याला हा अहवाल उघडावाच लागतो. समितीनंतर जे मागासवर्ग खाते उभे राहिले, तेही स्टार्ट यांच्याच हाती आले. म्हणजे तारेच्या कुंपणाची किल्ली आणि आपल्या शिष्यवृत्तीची थैली काही काळ एकाच टेबलावर होती! आपला आणि सेटलमेंटचा संबंध काय, असे विचारणाऱ्याला हे एक उत्तर पुरे व्हावे.

दुसरे उत्तर बाबासाहेबांच्याच लेखणीचे आहे. १९४८ साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी हिंदू संस्कृतीने निर्माण केलेल्या तीन वर्गांची गणती केली आहे : गुन्हेगार जमाती सुमारे दोन कोटी, आदिवासी सुमारे दीड कोटी, आणि अस्पृश्य सुमारे पाच कोटी. ज्या संस्कृतीत असे तीन समूह तयार होतात, तिला संस्कृती म्हणावे काय, हा त्यांचा सवाल होता. तिन्ही नावे त्यांनी एका श्वासात घेतली. आपण मात्र तिसरे नाव पुसण्याच्या घाईत पहिल्याकडे नाक मुरडून पाहावे, हे त्यांच्या अनुयायांना शोभत नाही. श्रेणीबद्ध विषमतेचा विषारीपणा बाबासाहेबांनी हाच सांगितला होता की, प्रत्येकाला आपल्या खाली कोणी तरी सापडतो आणि त्या समाधानात तो आपल्या वरच्याचा जाच विसरतो. भाडेकरू ठेवताना ‘सेटलमेंटचा तर नव्हे ना?’ असे विचारणारा घरमालक बौद्ध निघतो, तेव्हा ही शिडी आपण धर्मांतरातही बरोबर आणली, असे म्हणावे लागते.

१९३७ साली प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, त्याने क. मा. मुन्शी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसविली. पण कायदा हटावयास स्वातंत्र्य उजाडावे लागले. मुंबई प्रांतात तो १९४९ साली रद्द झाला. अनंतशयनम अय्यंगार समितीच्या अहवालानंतर ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो साऱ्या देशातून गेला. म्हणून या जमाती तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतात. देश १९४७ मध्ये स्वतंत्र झाला, संविधान १९५० मध्ये अंमलात आले, त्याच्या कलम १९ ने सर्व नागरिकांना देशभर फिरण्याचा व कोठेही वस्ती करण्याचा हक्क दिला. आणि तरीही काही प्रांतांतील लोक आणखी अडीच वर्षे पोलिसाकडे हजेरी लावीतच होते. १५ ऑगस्टला झेंडा लावताना ही अडीच वर्षे मुलांना सांगत जा.

कायदा गेला, तरी त्याची सावली मागे राहिली. मुंबई प्रांताने जुना कायदा जाण्यापूर्वीच १९४७ साली सराईत गुन्हेगारांवर निर्बंध घालणारा कायदा केला होता, आणि १९५९ साली नवा ‘मुंबई सराईत गुन्हेगार कायदा’ आला. जमात हा शब्द वगळला, माणूस हा शब्द घातला. वाचावयास ठीक वाटते. पण नोंदवही तीच, शिपाई तोच, आणि रात्री दार ठोठावण्यासाठी त्याला ओळखीचा पत्ताही तोच. सेटलमेंटमध्ये ज्यांची वर्तणूक चांगली ठरे त्यांना कुंपणाबाहेर ‘फ्री कॉलनी’त ठेवीत. आज सोलापुरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हा टपालाचा पत्ता आहे, शिधापत्रिकेवर आहे, शाळेच्या दाखल्यावर आहे. ‘फ्री’ म्हणून सांगावे लागते, यातच सारे आले. माझ्या वकिलीत मी असे रिमांडचे अर्ज पाहिले आहेत की, ज्यांत आरोपी अमुक वस्तीत राहतो एवढेच त्याच्या सराईतपणाचे कारण म्हणून लिहिले होते. एका तरुणाविरुद्ध पूर्वीचा एकही गुन्हा नव्हता. त्याचा पत्ता हाच त्याचा पूर्वेतिहास ठरला. त्याला जामीन मिळाला, पण तोवर त्याची नोकरी गेली होती.

येथे याद्यांचा थोडा किचकट विषय काढतो. तो आपल्याला कळेल, कारण याद्यांनी आपल्यालाही छळले आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना घेतले. बौद्धांना राज्याच्या सवलती १९६० पासून मिळाल्या, परंतु केंद्राच्या यादीत येण्यासाठी १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. धर्म बदलला म्हणून दारिद्र्य बदलत नाही, हे दिल्लीला पटवावयास चौतीस वर्षे लागली. आता विमुक्तांचे पाहा. कैकाडी विदर्भातील जिल्ह्यांत अनुसूचित जात आहेत. तोच कैकाडी सोलापुरात विमुक्त जातींच्या यादीत. येथून थोड्याच अंतरावर कर्नाटकाची हद्द ओलांडली की त्यांचे भाईबंद कोरवा, कोरमा पुन्हा अनुसूचित जातीत! फासेपारधी अनुसूचित जमातीत, तर पालपारधी व राजपारधी विमुक्तांत. एकाच कुंपणात राहिलेले मांगगारुडी अनुसूचित जातीत, आणि शेजारचा भामटा बाहेर. राज्याच्या यादीत अशा चौदा विमुक्त जाती आहेत व त्यांना तीन टक्के आरक्षण आहे. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ हा केवळ अनुसूचित जाती-जमातींना संरक्षण देतो. तेव्हा सोलापुरातील कैकाडी स्त्रीला जातीवरून कोणी भर रस्त्यात मारहाण केली, तर तिच्या हाती तो कायदा नाही. नागपुरात ती राहत असती, तर होता. माणसाच्या अब्रूला जिल्ह्याची हद्द असावी, हा न्याय मला कोणत्याही ग्रंथात सापडलेला नाही. सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली अहवाल दिला, नंतर भिकू रामजी इदाते यांचा आयोग झाला. अहवालांची कपाटे भरली.

२७ मे २००७ रोजी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर भटक्या-विमुक्तांपैकी हजारोंनी ‘उपरा’कार लक्ष्मण माने यांच्या पुढाकाराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्यापैकी कोणी आपल्या विहारात आले तर त्यांना कोठे बसवावयाचे हा प्रश्न नाही, शेजारीच बसवावयाचे. प्रश्न विवाहाचा आहे, घरभाड्याचा आहे, आणि रात्री त्यांच्याकडे पोलीस गाडी आली असता आपण दार लावून घेतो की उघडतो, हा आहे.

सेटलमेंट हे नाव बदलावे असे त्या वस्तीतील काही तरुणांना वाटते. पत्ता सांगताना जीभ अडखळते, मुलाखतीत समोरच्याचा चेहरा बदलतो. त्यांचे दुःख मला समजते, आणि निर्णय अर्थातच त्यांचा आहे. बाहेरच्याने सल्ला देऊ नये. पण नाव पुसण्याआधी इतिहास लिहून घ्यावा, असा माझा आग्रह आहे. हजेरी, पास आणि गिरणीचा भोंगा यांच्या आठवणी ज्यांनी आईबापांच्या तोंडून ऐकल्या, ती माणसेही आता म्हातारी झाली आहेत. आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी त्या वस्तीतील मुलामुलींबरोबर बसून त्या टिपून घ्याव्यात. गिरण्या बंद पडल्या, त्यांची दप्तरे रद्दीत गेली. माणसांची स्मृती हेच आता दप्तर आहे.

आणि कायद्याचे जे हाती आले आहे ते तरी नीट ठाऊक असू द्या. ७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अमानतुल्ला खान प्रकरणात सांगितले की, मागास समूहात जन्मला एवढ्यावरून कोणाचे नाव पोलिसांच्या इतिहासपत्रकात यांत्रिकपणे चढविता येणार नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात त्याच न्यायालयाने तुरुंगातील जातवार कामवाटप घटनाबाह्य ठरविले, तुरुंग नियमावल्यांतून विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणारे उल्लेख काढावयास लावले, आणि विमुक्तांना मनमानीने अटक होऊ नये म्हणून पोलिसांनी अर्नेश कुमार प्रकरणातील मार्गदर्शक तत्त्वे पाळावीत असे बजावले. निकाल दिल्लीत लागतो, ठाण्यात तो कोणीतरी वाचून दाखवावा लागतो. म्हणून आपल्या शेजारच्या विमुक्त कुटुंबाला एवढे सांगून ठेवा. सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात सर्वसाधारणपणे आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ प्रमाणे नोटीस यावयास हवी. अटक केलीच तर कारण सांगितले पाहिजे, नातेवाइकाला कळविले पाहिजे, आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. वकील करण्याची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विनामूल्य वकील मिळतो. त्यासाठी साधा अर्ज पुरतो, आणि तो लिहावयास येत नसेल तर आपल्यापैकी ज्याला येतो त्याने लिहून द्यावा.